डिशवॉशरच्या तळाशी पुन्हा पुन्हा पाणी साचतंय? चाळणी राहू द्या, आधी बादली आणा

गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा डिशवॉशर सात वेळा अडला आणि सातही वेळा दुखणं एकच. रात्री साडेदहाला लावून झोपायचं, सकाळी दार उघडावं तर तळाशी दोन-तीन तांबे गढूळ पाणी, त्यावर हळदीचा तवंग, भांडी धड धुतलेली नाहीत धड खरकटी नाहीत, आणि पडद्यावर पाणी बाहेर जात नसल्याचा कोड. मग वाटीने पाणी उपसायचं, चाळणी काढून घासायची, पुन्हा लावायचा. की दहा-बारा दिवस गुणी बाळासारखा चालायचा.

या दहा-बारा दिवसांनीच आम्हाला फसवलं. चाळणी धुतली की चालतो, म्हणजे दोष चाळणीचाच, असं मी धरून बसले.

सर्विसवाले तीनदा येऊन गेले. पहिल्याने चाळणी साफ केली आणि "मॅडम, आठवड्याला धुवत जा" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. दुसऱ्याने पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंपच बदलला. साडेतीन हजार गेले आणि अठराव्या दिवशी पुन्हा तळाशी पाणी. तिसरे गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी निदान केलं की आपलं जेवण या मशीनसाठी नाही, भांडी आधी घासून मग लावत जा. घासूनच लावायची तर मशीनची काय आरती करायची? २०२० च्या लॉकडाउनमध्ये मावशी यायच्या बंद झाल्या तेव्हा हा घेतला. तेव्हापासून आमटीची, पिठल्याची, तुपाच्या शिऱ्याची भांडी त्याने काहीही कुरकुर न करता धुतली होती. मग आताच काय झालं?

धागा सापडला तो सासूबाईंच्या कॅलेंडरवर. सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि "मशीन रुसलं" हे त्या एकाच पेनाने एकाच चौकोनात लिहितात. एका रविवारी पानं उलटून पाहिली. सातपैकी पाच खुणा डिसेंबर-जानेवारीतल्या. त्या दिवसांत सकाळी गडबड म्हणून मी तीस-पस्तीस मिनिटांचा, कमी गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावत होते, हेही आठवलं. आणि सप्टेंबरच्या पानावर, गणपतीनंतरच्या आठवड्यात, त्याच अक्षरात: "सिंकखालचा पाइप बदलला. प्लंबर ९००."

थंडी, कोमट पाणी आणि नवा पाइप. तिन्ही एकत्र ठेवल्यावर चाळणीवरचा माझा विश्वास उडाला.

बादली कशासाठी

मशीनला एवढंच कळतं की ठरलेल्या वेळात तळाचं पाणी उतरलं नाही. का उतरलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. कोडची अक्षरं कंपनीगणिक वेगळी असतात, ती पुस्तिकेत बघा. पण अर्थ "पाणी बाहेर जात नाही" असा असेल तर अडथळा चारपैकी एका ठिकाणी असतो: चाळणीत, पंपात, करड्या किंवा काळ्या ड्रेन नळीत, नाहीतर ती नळी सिंकच्या पाइपाला जिथे जोडली आहे तिथे. या चौथ्या जागेला कोणी वाली नसतो. मशीनवाला म्हणतो ते प्लंबरचं काम, प्लंबर म्हणतो मशीनवाल्याला विचारा.

दोष मशीनच्या आत आहे की बाहेर, हे दहा मिनिटांत कळतं. तळात थोडं पाणी असू द्या, नसेल तर दोन तांबे ओता. बटण बंद करून सोळा अँपियरचा प्लग काढा. ओल्या हाताने काही करायचं नाही. सिंकखाली ड्रेन नळीची क्लिप सैल करा आणि नळी सोडवा. सोडवताना तिचं तोंड वरच धरा, कारण नळीत उरलेलं पाणी बदकन खाली येतं आणि त्याचा वास दोन दिवस जात नाही. बादली स्टुलावर ठेवा, नळीचं तोंड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर राहील अशी. बादली जमिनीवर ठेवली तर सायफन लागून पाणी आपोआप वाहायला लागतं आणि पंपाने फेकलं की उतारानेच आलं ते समजत नाही. आता एकाने नळी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने प्लग लावून चालू कार्यक्रम रद्द करायचा. बहुतेक मशीनमध्ये सुरू करायचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की ते आधी तळ रिकामा करतं.

धार जोरात आली आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात तळ कोरडा झाला, तर चाळणी, पंप, नळी सगळं ठीक आहे. दोष पुढे आहे. धार नुसतीच ठिबकली किंवा पंप घुंऽऽ करून गप्प बसला, तर दोष आत आहे.

आमच्याकडे नळी यांनी धरली होती. धार अशी आली की नळी हातून सुटली आणि यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पेन्सिलीएवढं भोक

सिंकखाली जो बाटलीसारखा प्लास्टिकचा ट्रॅप असतो, त्याच्या मानेला हल्ली डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीनसाठी एक आडवी तोटी दिलेली असते. नवीन ट्रॅपमध्ये ही तोटी आतून पातळ पडद्याने बंद असते, कारण ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्या घरी तिथून पाणी यायला नको. नळी जोडण्याआधी तो पडदा पूर्ण कापून काढायचा असतो.

आमच्या प्लंबरने तो कापला नव्हता. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून त्यात एक भोक पाडलं होतं. भोवती वितळलेल्या प्लास्टिकची खरबरीत कड होती आणि त्या कडेला जिऱ्याचे दाणे, कढीपत्त्याचा देठ आणि भाताची शितं अडकून त्यावर पांढरट, मेणासारखा थर बसला होता. नखाने खरवडून बोटांत चोळला तर तूप. आतून अंगठा जाईल एवढी तोटी, आणि पाणी जायला वाट पेन्सिलीएवढी.

आता सगळं जुळलं. डब्यातलं तूप जसं पुण्याच्या थंडीत गोठतं तसं ते या भोकाच्या कडेलाही गोठायचं. कोमट पाण्याचा प्रोग्रॅम त्यावर आणखी एक पापुद्रा चढवायचा. भोक अरुंद होत गेलं की एका रात्री पंपाला वेळेत पाणी संपवता यायचं नाही आणि मशीन हात वर करायचं. मग मी चाळणी धुवायचे आणि, इथेच खरी मेख होती, खात्रीसाठी सत्तर अंशांचा कडक प्रोग्रॅम लावायचे. ते कढत पाणी झिरपत झिरपत तूप वितळवून भोक मोकळं करायचं आणि श्रेय चाळणी घ्यायची. सर्विसवालेही काम झाल्यावर कडक प्रोग्रॅमच लावून दाखवायचे. साडेतीन हजारांच्या नव्या पंपाने जे अठरा दिवस दिले, ते त्या कढत पाण्यानेच दिले असणार. जुना पंप त्यांनी नेला, नाहीतर तोही बादलीला लावून पाहिला असता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. ट्रॅप हाताने फिरवून काढला, तोटी वेगळी करून कटरच्या पात्याने पडदा कडेकडेने कापला आणि गोल कानशीने कड गुळगुळीत केली. बोट फिरवून कुठे काही टोचत नाही ना, ते बघितलं. परत बसवताना रबरी वॉशर पालथा तर बसला नाही ना हे दोनदा पाहा, माझा पहिल्यांदा पालथाच बसला होता. नंतर ट्रॅपखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरून एक सायकल चालवली. कागदावर एक थेंबही नाही. तुमच्याकडे ट्रॅपला तोटीच नसेल आणि नळी थेट जाळीच्या भोकातून खाली सोडली असेल, तर नळीचं तोंड खाली कशावर टेकलं तर नाही ना ते बघा. टेकलेलं तोंड म्हणजे पुन्हा तेच पेन्सिलीएवढं भोक.

हात घातलाच आहे तर नळीची उंचीही बघून घ्या. मशीनमधून निघालेली नळी आधी वर, ओट्याच्या दगडाच्या खालच्या अंगापर्यंत गेली पाहिजे आणि मग खाली उतरून ट्रॅपला लागली पाहिजे. आम्ही ती प्लास्टिकच्या पट्टीने वर बांधून टाकली. हा वळसा नसेल तर सिंक तुंबल्यावर त्यातलं घाण पाणी मागच्या पावली मशीनमध्ये शिरतं. संशय असेल तर रिकाम्या मशीनचं दार लावून सिंकमध्ये भांडंभर कोरा चहा जोरात ओता आणि दार उघडून बघा. तळाशी चहाचा रंग दिसला तर समजा. याच्या उलटही होतं. नळी जमिनीलगतच्या नहाणीच्या पाइपात खोल खुपसली असेल तर मशीन पाणी घेतं आणि ते त्याच वेळी सायफनने निघून जातं. मशीन घेतच राहतं, तापवत काहीच नाही. सुरू करून पाच मिनिटांनी, मशीन काही बाहेर फेकत नसताना नहाणीत पाणी वाहल्याचा आवाज येतो का, ते कान देऊन ऐका.

बादलीत धार आलीच नाही तर

मग चाळणीच्या खाली उतरायचं. प्लग काढा, अँगल कॉक बंद करा, खालचा ट्रे बाहेर घ्या. चाळणी डावीकडे फिरवून उचला, उरलेलं पाणी वाटीने आणि मग स्पंजने टिपा. खड्ड्याच्या कडेला, आमच्याकडे उजव्या हाताला, नखाएवढी पकड असलेलं प्लास्टिकचं झाकण दिसेल. चमच्याच्या दांड्याने ते उचकटतं. त्याच्या मागे पंपाचा छोटा पंखा आहे. इथे हात घालताना रबरी हातमोजा घाला, फुटलेल्या काचेचा तुकडा बरोबर इथेच येऊन बसतो. माझ्या जावेच्या मशीनमध्ये या पंख्याला लोणच्याच्या बरणीचं लेबल गुंडाळलेलं निघालं. बरणीवरचा कागद मशीनमध्ये आपोआप सुटतो म्हणून ती हौसेने तशीच लावत होती. चिंचेचा चोथा, लिंबाची बी, टूथपिक हेही तिथेच सापडतात.

पंखा बोटाने फिरवून बघा. तो भिंगरीसारखा भुर्रकन फिरत नाही, पाव-पाव फेऱ्याने अडखळत फिरतो. आत चुंबक असतं म्हणून हे असं होणारच. यात अनेकजण फसतात आणि चांगला पंप "जाम झालाय" म्हणून बदलून घेतात. मात्र पंखा वरखाली डुगडुगत असेल, किंवा पाती फिरूनही दांडा फिरत नसेल, तर तो तुटला आहे. मल्टिमीटर असेल तर प्लग काढलेल्या अवस्थेत पंपाच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. काहीच वाचन आलं नाही तर गुंडाळी जळली, पंप बदलावा लागेल. पंप ठीक असेल तर ड्रेन नळी मागून काढून नळाखाली धरा. मशीन भिंतीला सरकवताना ती मागे दुमडली जाते, हे कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं.

पाणी तळाशी नाही, पण पंप थांबतच नाही

हा वेगळाच रोग. बटण चालू केलं रे केलं की ड्रेन पंप घुमायला लागतो आणि बाकी काही होत नाही. याचा अर्थ पाणी मशीनच्या टबात नसून त्याच्या खालच्या पत्र्याच्या ताटात आहे. त्या ताटात थर्मोकोलचा एक तुकडा तरंगत असतो. तो उचलला गेला की मशीन गळतीच्या भीतीने नळ बंद करून फक्त पाणी फेकत बसतं.

आमच्याकडे हे एकदाच झालं आणि त्याला कारण सासूबाईंचं प्रेम. पावडर संपली होती म्हणून त्यांनी भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा घातला. पंधरा मिनिटांत दाराच्या खालून फेस स्वयंपाकघरात आला, गौरीच्या पावलांसारखा दारापासून आत आत. तुम्हीही कधी असं केलंत तर प्लग काढा, टबात वाटीभर व्हिनेगर आणि गार पाणी ओतून फेस बसवा, मग दोन-तीनदा ड्रेन करा. खालची पुढची पट्टी स्क्रू काढून सोडवा आणि ताटातलं पाणी फडक्याने टिपून घ्या. थर्मोकोल खाली बसला की कोड आपोआप जातो. फेस न होताच ताट ओलं झालं असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे. ताटात कोरडा कागद पसरून एक सायकल चालवा आणि पहिला ओला डाग कुठे पडतो ते टॉर्च लावून बघा. दाराचं रबर आणि पाणी आत येणाऱ्या नळीचा जोड आधी तपासा. डाग पंपाखाली असेल तर सर्विसवाल्याला बोलवा. हीटरला आणि सर्किट बोर्डाला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

पाणी आत येतच नसेल तर कारण बहुधा साधं असतं. सोसायटीच्या टाक्या धुतल्या की त्यातला गाळ आत येणाऱ्या नळीच्या टोकावरच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. जुन्या टूथब्रशने घासली की झालं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांचं दुखणं निराळं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. टाकी जर तुमच्या छतावर दोन-तीन मीटरच असेल, तर दाब पाव बारच्या आसपास राहतो आणि बऱ्याच मशीनना किमान अर्धा बार लागतो. तिथे प्रेशर पंपाशिवाय गत्यंतर नाही.

आणि तो पांढरा थर

पाण्याचा प्रश्न सुटला आणि मार्चपासून काचेच्या पेल्यांवर पांढरी झाक यायला लागली. याचाही कोणी मशीनशी संबंध लावील, पण दोष टँकरचा आहे. वर्षभर आमच्या सोसायटीत महापालिकेचं, धरणाचं, मऊ पाणी येतं. उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी बोअरचं, म्हणजे जड.

डिशवॉशरच्या पोटात पाणी मऊ करणारी राळेच्या मण्यांची एक टाकी असते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ती धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. मणी भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना धुऊन पुन्हा कामाला लावावं लागतं, म्हणून ते जाड सॉल्ट घालायचं. घरातलं बारीक मीठ घालू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते आणि त्याचे बारीक कण आत गोळा होऊन बसतात. सॉल्ट भरल्यावर कडेला सांडलेले दाणे पुसून लगेच एक सायकल चालवा, नाहीतर स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात.

पण सॉल्ट भरलेलं असूनही थर येतो, कारण मशीनला पाणी किती जड आहे हे आपण सांगितलेलंच नसतं. बसवायला येणारा माणूस जो आकडा ठेवून जातो तोच वर्षानुवर्षं राहतो. आरओवाल्यांचा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही, तो विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, जडपणा वेगळा दाखवत नाही. माशांच्या टाकीचं सामान मिळतं त्या दुकानातून जडपणा मोजायचं थेंबांचं किट आणा. बाटलीतल्या पाण्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. एक अंश म्हणजे सुमारे १७.८ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० पीपीएमपर्यंतचा जडपणा चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. आमच्या नळाला पावसाळ्यात चार थेंब लागले होते, एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्याला वीस. म्हणजे साडेतीनशे पीपीएमच्या वर. आता मी पुस्तिकेतला तक्ता बघून आकडा वर्षातून दोनदा बदलते. बसलेला थर काढायला रिकाम्या मशीनमध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व तळाशी टाकून पावडरशिवाय कडक प्रोग्रॅम लावला.

पेल्यांवरची झाक क्षाराची आहे की दुसरी, हे बघायला व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने अर्धा पेला पुसा. पुसलेला भाग लख्ख झाला तर क्षार, वरचा उपाय लागू. काहीच फरक पडला नाही तर काच खाल्ली गेली आहे. फार मऊ पाणी, फार गरम पाणी आणि जास्तीची पावडर एकत्र आली की असं होतं, आणि ते पूर्ववत होत नाही. मीही एका पावसाळ्यात आकडा वीसवरच विसरले होते. तसले दोन पेले खिडकीत ठेवलेत, त्यांत मनीप्लँटला मुळं फुटली आहेत.